प्राणवायूचे सोवळे

परदेशी निघालेल्या मनुष्याच्या पेटीत घरची मंडळी काय काय भरतात, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आंब्याचे लोणचे, नातवंडांसाठी शिवलेली झबली, हे सर्व माझ्याही पेटीत होतेच. परंतु वाईहून निघताना आमच्या वहिनींनी जी एक वस्तू मजजवळ दिली, तिचे वजन विमानतळावरील काट्यावर होण्यासारखे नव्हते. मी पायांत वहाणा सरकवीत असता त्या ओसरीवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्या घरी ऑक्सिजनच्या टाक्या आहेत म्हणे. सूनबाई फोनवर बोलता बोलता बोलून गेली. तुम्ही जन्मभर शास्त्र शिकवलेत. तुम्ही ते डोळ्यांनी पाहा, आणि खरे काय असेल ते मला सांगा. माझी नुसती समजूत घालू नका."

मी एकतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. प्राणवायूचा धडा दरवर्षी येई. पोटॅशियम क्लोरेट व मँगॅनीज डायऑक्साइड एकत्र तापवावे, निघणारा वायू पाण्यावरून बरणीत गोळा करावा, आणि विझत आलेली काडी आत घालताच ती भपकन पेटलेली पाहून सारा वर्ग "ओ!" म्हणून ओरडावा, हा कार्यक्रम ठरलेला असे. तेव्हा वहिनींनी माझ्यावर टाकलेले काम काही अवघड नाही, अशा समजुतीने मी विमानात बसलो. ती समजूत कितपत खरी होती हे पुढे येईलच.

माझा पुतण्या अमेरिकेत, फ्लॉरिडा संस्थानाच्या उत्तर भागात राहतो. गेन्सव्हिल येथील विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले आणि तेथून सुमारे पंचवीस मैलांवरील हाय स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावी त्याने घर केले. फ्लॉरिडा म्हटले की आपल्यापुढे समुद्राची वाळू आणि उंच हवेल्या उभ्या राहतात. हा प्रदेश तसा मुळीच नव्हे. येथे ओक व सायप्रस यांची दाट झाडी, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळासारखे तंतू, आणि पायांखाली चुनखडी. पावसाचे किंचित आंबट पाणी ही चुनखडी युगानुयुगे विरघळवीत आले असल्यामुळे जमिनीच्या पोटात पाण्याने भरलेल्या गुहांचे मोठे जाळे झाले आहे. सँटा फे ही तेथील नदी ओलेनो नावाच्या उद्यानात भूमीत शिरून दिसेनाशी होते आणि सुमारे तीन मैलांवर पुन्हा उजेडात येते. सरस्वती गुप्त झाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नदी प्रत्यक्ष गुप्त होताना मी येथेच प्रथम पाहिली.

या भूमिगत पाण्याला जेथे जेथे तोंड फुटते तेथे झरा होतो. त्यांपैकी जिनी स्प्रिंग्ज या झऱ्यांवर आम्ही दुसऱ्याच दिवशी पहाटे गेलो. मार्गशीर्षातील थंडी होती, आणि पाण्यावरून वाफा निघत होत्या. कारण झऱ्याचे पाणी बारा महिने सुमारे बावीस अंश सेल्सियस एवढेच असते. नदीचे पाणी पालापाचोळ्याच्या अर्काने कोऱ्या चहासारखे तांबूस काळे, आणि झऱ्याचे मात्र इतके निर्मळ की तळाची वाळू हाताने उचलावी असे वाटावे. दोन्ही जेथे मिळतात तेथे काही अंतर दोन रंगांची रेघ दिसत राहते. आमच्या कृष्णामाईच्या घाटावर वाढलेल्या मला त्या काठावर परके वाटले नाही.

परंतु तेथील नावे ऐकून मन जरा दचकते. एका मुखाचे नाव सैतानाचा डोळा, दुसऱ्याचे सैतानाचा कान. त्या मुखांतून आत गेले की काळोख्या, पाण्याने तुडुंब भरलेल्या गुहा लागतात, आणि त्यांची खोली सुमारे तीस मीटर भरते. आत शिरण्याच्या वाटेवर पाण्याखालीच एक फलक रोवलेला आहे. त्यावर हाती कोयता घेतलेला मृत्यू चितारला असून, ज्याने या विद्येचे खास शिक्षण घेतलेले नाही त्याने येथून पुढे एक हातही जाऊ नये, अशी ताकीद लिहिली आहे. पुतण्याने मला त्याचे छायाचित्र दाखविले तेव्हा, हे चित्र वहिनींच्या दृष्टीस पडू नये, एवढाच विचार माझ्या मनात आला.

हा मुलगा पाण्याचा लहानपणापासून वेडा. आमच्या मळ्यातील विहिरीत पांगाऱ्याचा बिंडा पाठीस बांधून तो पोहावयास शिकला, आणि बिंडा सुटल्यावर मुटका मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणे हा त्याचा उन्हाळ्याचा उद्योग झाला. "काका, ती विहीर आणि हे पाणी यांत फरक एवढाच," तो म्हणाला, "विहिरीत डोक्यावर आकाश होते. गुहेत डोक्यावर दगड असतो. घाबरून वर यावे म्हटले तरी वर यावयास जागा नाही."

म्हणूनच तेथील पाणबुडे आपल्याजवळच्या हवेचे तीन वाटे करतात. एक वाटा आत जाण्यास, दुसरा बाहेर येण्यास, आणि तिसरा संकटासाठी. हा तिसरा वाटा मौजेसाठी कधीही खर्चावयाचा नाही. हा व असे इतर नियम कोणी ऋषीने ध्यान लावून सांगितले नाहीत. शेक एक्सली नावाचा गणिताचा एक शिक्षक याच भागात राहत असे. गुहांत बुडून जी माणसे दगावली त्यांच्या अपघातांचा त्याने एकेक करून हिशेब मांडला, आणि कोणत्या चुकीने कोण गेला हे १९७९ साली एका लहानशा पुस्तकात छापून ठेविले. तो स्वतः १९९४ साली मेक्सिकोतील एका अतिखोल डोहात गेला तो परत आला नाही. ही गोष्टही मी वहिनींपासून लपवावयाची नाही असे ठरविले. कारण खरे सांगण्याचे वचन मी देऊन आलो होतो.

आता प्राणवायूचा यात संबंध काय? आपल्याकडे मालवण-तारकर्लीस समुद्राचा तळ पाहून आलेली मंडळी "पाठीला ऑक्सिजनची टाकी बांधली होती" असे सर्रास सांगतात. तो समज चुकीचा आहे. त्या टाकीत असते ती साधी हवा, केवळ दाबून भरलेली. हवेत सुमारे एकवीस भाग प्राणवायू व बाकीचा बहुतेक नत्रवायू. पाण्यात दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. आणि त्या दाबाने नत्रवायू रक्तात व मांसात विरघळत जातो. माणूस घाईने वर आला तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे शरीरातच सुटतात, आणि मग सांधे धरणे, अंग लुळे पडणे, क्वचित मृत्यू, असे परिणाम होतात. यासाठी एक उपाय असा की, श्वासाच्या हवेत प्राणवायू थोडा वाढवून नत्रवायू कमी करावा. शेकडा बत्तीस प्राणवायूचे मिश्रण फार चालते. दुसरा उपाय असा की, परत येताना सहा मीटर खोलीवर थांबून काही वेळ शुद्ध प्राणवायूच श्वासावा, म्हणजे अंगातील नत्रवायू लवकर निघून जातो. गुहेत शिरताना पाणबुडे प्राणवायूचा लहान सिलिंडर त्या खोलीवर ठेवून पुढे जातात आणि परतताना तो वापरतात.

सहा मीटरच का? अधिक खोल गेले की हाच प्राणवायू विष होतो. फ्रान्समधील पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दाबाखालील शुद्ध प्राणवायूने प्राण्यांना आचके येतात. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात जे. बी. एस. हाल्डेन यांनी हे प्रयोग स्वतःच्या देहावर केले, आणि एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यास कायमची इजा झाली. हेच हाल्डेन १९५७ साली हिंदुस्थानात आले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. जमिनीवर झटका आला तर मणका दुखावतो; पाण्यात झटका आला तर तोंडातील नळी सुटते आणि मनुष्य बुडतो. ज्याच्या नावातच प्राण आहे त्या वायूची ही दुसरी बाजू मी वर्गात कधीही शिकविली नव्हती.

शनिवारी दुपारी पुतण्याने मला आपला मोटारखाना दाखविला. तो घरापासून वीसएक पावले दूर, स्वतंत्र बांधलेला आहे. जेवणात मेतकूट-भात, वर तुपाची धार आणि वहिनींचे लोणचे असा बेत झालेला. मी तसाच निघालो तो त्याने मला दारात अडविले. "काका, आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. आणि सदरा बदला. त्यावर लोणच्याचे तेल सांडले आहे." मी हसलो. तो हसला नाही. मी हात धुऊन, सदरा बदलून आलो तेव्हा त्याने माझे तळवे उलटेसुलटे पाहिले, आणि मगच दार उघडले. त्याच्या चार वर्षांच्या मुलीस तर त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याची सक्त मनाई आहे.

आत एका भिंतीशी माझ्या खांद्याएवढे उंच दोन हिरवे सिलिंडर साखळदंडाने जखडून उभे होते. अमेरिकेत प्राणवायूचा रंग हिरवा. आपल्याकडे दवाखान्यातील सिलिंडर अंगाने काळा व खांद्याशी पांढरा असतो. सिलिंडर आडवा पडून त्याचा व्हॉल्व्ह मोडला तर आतील दाबाने तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, म्हणून साखळी. आणि वापर नसताना त्याच्या डोक्यावर लोखंडी टोपी. त्या खोलीत मोटार नाही, पेट्रोलचा डबा नाही, रंगाची डबडी नाहीत, गवत कापण्याचे यंत्र नाही. खिडक्या समोरासमोर उघड्या होत्या. ज्वालाग्राही वायूपासून प्राणवायू किमान वीस फूट दूर ठेवावा, असा तेथील कारखान्यांस नियम आहे. तो त्याने आपल्या घरासही लावून घेतला होता.

प्राणवायू स्वतः जळत नाही. तो दुसऱ्यास जाळतो. १९६७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत, शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीत ठिणगी पडून तिघे अंतराळवीर क्षणार्धात गेले, हे अनेकांस आठवत असेल. दाबाखालील प्राणवायूत तेलाचा थेंब पेटतो, रबर पेटते, ॲल्युमिनियम व टिटॅनियमसारखे धातूदेखील पेटतात. आणि ठिणगीचीही गरज लागत नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड तापते हे आपण जाणतो. त्याचप्रमाणे व्हॉल्व्ह एकदम उघडला तर नळीच्या टोकाशी वायू एकाएकी दाबला जाऊन जी उष्णता होते, तीच काडीचे काम करते.

यासाठी या विद्येचे सारे शास्त्र दोन शब्दांत आहे: स्वच्छता आणि सावकाशी. ज्या सिलिंडरात प्राणवायू जावयाचा तो रिकामा करून, व्हॉल्व्ह सोडवून, वंगण काढणाऱ्या द्रावणाने धुतात. जंबुपार प्रकाशाचा दिवा लावून कोठे तेलाचा अंश चमकतो काय ते पाहतात. आतील रबराच्या कड्या बदलून प्राणवायूत टिकणाऱ्या जातीच्या घालतात, आणि नेहमीच्या ग्रीसऐवजी प्राणवायूत न पेटणारे खास वंगण नखभर लावतात. एवढे झाल्यावर त्या सिलिंडरास तशी चिठ्ठी चिकटते. आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. अशा सिलिंडरात एकदा जरी साध्या पंपाची, नीट न गाळलेली, तेलाचा वास असलेली हवा भरली, तरी तो बाद होतो. पुन्हा धुतल्यावाचून त्यास प्राणवायू चालत नाही.

हे ऐकताना मला आमच्या आजीची आठवण झाली. तिचे सोवळ्यातले वस्त्र उंच दांडीवर वाळे, ते काठीने उतरविले जाई, आणि कोणाचा चुकून स्पर्श झाला तर पुन्हा धुणे आलेच. "एवढ्याने काय होते" हे वाक्य तिच्यापुढे चालत नसे. मी तसे म्हणताच पुतण्या म्हणाला, "अगदी तेच, काका. फक्त हे सोवळे माणसाचे नाही, तेलाचे आहे." त्याचे म्हणणे योग्यच होते. आपल्या सोवळ्याने माणसांना दूर उभे केले, हा त्याच्यावरील डाग धुतला जाणारा नाही. पण शंका आली की वस्तू पुन्हा धुवावी, आणि शंकेचा निकाल कधीही आपल्या सोयीने लावू नये, ही त्यातील शिस्त मात्र मला त्या परक्या मोटारखान्यात प्रथम समजली.

मग त्याने मला हिशेब दाखविला. तीन हजार पौंड दाबाचा सिलिंडर शेकडा बत्तीस प्राणवायूने भरावयाचा. हवेत एकवीस आहेच, म्हणजे वाढ अकराची. अकरास एकोणऐंशीने भागून तीन हजारांनी गुणले की सुमारे चारशे अठरा येतात. तेवढे पौंड आधी शुद्ध प्राणवायू सोडावा आणि वरचा भाग दोनदा गाळलेल्या हवेने भरावा. मोठ्या सिलिंडरातून लहानात वायू जातो तो पाण्याच्याच न्यायाने. दोन्हीकडचा दाब समान झाला की थांबतो. म्हणून दोन मोठे सिलिंडर असले तर ज्यात कमी दाब उरला आहे तो प्रथम जोडतात, आणि अधिक दाबाचा शेवटी. मध्ये एक नळी, तिला दाबमापक व एक बारीक चावी. चावी इतकी हळू उघडावयाची की काटा मिनिटास साठ-सत्तर पौंडांहून जलद चढू नये. चारशे अठरा पौंडांस सहासात मिनिटे लागली. तेवढा वेळ तो काट्याकडे पाहत निःशब्द उभा होता, आणि मधून मधून सिलिंडरास हाताची पाठ लावून तो तापत नाही ना हे पाहत होता. शेवटी मिश्रण यंत्रावर मोजून त्याने पट्टीवर लिहिले: प्राणवायू शेकडा बत्तीस, खोलीची मर्यादा तेहेतीस मीटर, तारीख, आपले नाव. "हे मोजल्याशिवाय कोणी श्वास घेतला, तर तो माझा मित्र नव्हे," तो म्हणाला.

मी तेथल्या लाकडी बाकावर बसलो. माझे मन त्या हिरव्या सिलिंडरांवरून निघून २०२१ च्या वैशाखात वाईस पोहोचले होते. दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, तापाने घेरले होते. रुग्णालयात खाट मिळेना. डॉक्टरांनी घरीच प्राणवायू लावावयास सांगितले. शेजारचा मुलगा साताऱ्याहून अपरात्री एक काळा सिलिंडर घेऊन आला. त्यास चावी लागेना, व्हॉल्व्हचे आटे घट्ट बसलेले. दादांच्या बोटास लावलेल्या यंत्रावर आकडा ऐंशीच्या घरात उतरत होता. तेव्हा मी, एकतीस वर्षे प्राणवायू शिकविलेला शिक्षक, कपाटातून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली, आट्यांवर दोन थेंब सोडले आणि पान्याने झटका दिला. व्हॉल्व्ह सुटला, वायू सूं करीत आला, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठू लागले, आणि आम्ही सर्वांनी देवास हात जोडले. देवघर त्याच खोलीत. वहिनींनी दादांसाठी लावलेली समई खाटेपासून चार हातांवर नऊ दिवस अखंड तेवत होती.

हे मी आजवर कोणास सांगितले नव्हते, कारण सांगण्याजोगे काही घडले आहे असे मला त्या शनिवारपर्यंत ठाऊकच नव्हते. मी ते पुतण्यास सांगितले. त्या वेळी विमाने बंद असल्यामुळे तो येऊ शकला नव्हता, ते शल्य त्याच्या मनात अजून आहे. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, तेल पेटले नाही. एवढेच. त्यावरून तेल चालते असे ठरत नाही."

संध्याकाळी त्याचा एक अमेरिकन स्नेही आपला सिलिंडर घेऊन आला. रविवारी पहाटे दोघांनी सैतानाच्या कानात उतरावयाचे ठरले होते, आणि आठवडाभर माझा पुतण्या त्या पहाटेची वाट पाहत असलेला मी पाहिला होता. सिलिंडरावरील चिठ्ठी नवीन होती. पण बोलता बोलता तो गृहस्थ म्हणाला की, मागील पंधरवड्यात दुसऱ्या गावी त्यात एकदा हवा भरून घेतली. कोणत्या पंपाची ते त्याने विचारले नव्हते. पुतण्याने हातातील नळी खुंटीला अडकविली. "आज नाही," तो म्हणाला. पाहुण्याने विनोद केला, मग आर्जव केले, मग एवढेसे तेल गेले असेल वा नसेल असे म्हणून पाहिले; याच सिलिंडरात दहा वेळा प्राणवायू भरला आहे हेही सांगितले. पुतण्या सौम्यपणे तेच दोन शब्द पुन्हा बोलला, आणि गावातील दुकानात धुण्यासाठी तो कधी देता येईल याची चौकशी त्याच्या देखत केली. जोडीदारावाचून गुहेत जावयाचे नाही असा त्याचा दुसरा नियम. तेव्हा रविवारी पहाटे तो अंगणातील ओकाचा पाचोळा गोळा करीत होता, आणि त्याची मुलगी त्या ढिगात उड्या मारीत होती.

त्याच दिवशी मी वहिनींस पत्र लिहिले. फोनवर हे बोलता आले नसते. लिहिले ते थोडक्यात असे: टाक्या आहेत, आणि त्यांत धोका आहे. त्याने या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आहे, सामान चोख आहे, जागा घरापासून वेगळी आहे. तरीही माझे मत असे की, ज्याच्या गावात भरून देणारे चांगले दुकान आहे त्याने हे घरी करू नये, आणि तसे मी त्यास स्पष्ट सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. वर्षअखेर मोठे सिलिंडर परत करावयाचे का, याचा विचार तो व सूनबाई करीत आहेत. गुहेत जाणे तो सोडील असे मला वाटत नाही. परंतु एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, ती ही की, तुमच्या मुलास आपल्या अत्यंत आवडीच्या गोष्टीस, स्नेह्याच्या तोंडावर, "आज नाही" असे म्हणता येते. त्याच्या काकास ते २०२१ साली म्हणता आले नव्हते. आणि पुढे त्या तेलाची हकीकत, काही न लपविता, लिहिली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांसाठी प्राणवायू लावण्याचा प्रसंग आला, तर आमच्या चुकीचा त्यांस उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी येथे नमूद करतो. त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती, शेगडी काहीही नसावे. देवास दिवा लावावयाचा तो निदान दहा फूट दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत लावावा. सिलिंडर उभा, बांधलेला, आणि खिडकी उघडी असावी. व्हॉल्व्ह अडला तर तेल, तूप, ग्रीस यांचा थेंबही लावू नये. तो पुरवठादाराकडे परत द्यावा. रुग्णाचे ओठ सुकले तर तूप किंवा व्हॅसलीन न लावता पाण्यात कालवलेले मलम डॉक्टरांस विचारून लावावे. उघडावयाचे ते हळू. आणि एका सिलिंडरातून दुसऱ्यात वायू भरण्याचा प्रयोग कोणी घरी करू नये. आपल्या देशात सिलिंडर भरण्यास २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि हे पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरासच आहे.

दीड महिन्याने मी वाईस परतलो. वहिनींनी पत्राचा विषय पहिल्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मागील दारी ताक घुसळीत असता, रवी न थांबविता त्या म्हणाल्या, "तेल तुम्ही घातलेत, आणि समई मी लावली. दोघांनाही ठाऊक नव्हते." मी काय बोलणार? ओसरीवरून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता. दादा तेथे वर्तमानपत्र वाचीत बसले होते, आणि ताक अजून का झाले नाही म्हणून हाका मारीत होते.